दोन ओळींची चौकट

प्रिय मेणबत्ती,

तुझ्या दौतीचा नमस्कार, आणि टाचा उंचावून तुझ्या कपाळावर एक पापा. (तू अजून तेवढीच उंच असशील असं धरून चालले आहे. या वयात माणसं उंचीने थोडी खाली येतात म्हणे, पण तू कुणासाठी खाली येशील असं वाटत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? उजवा विचारते आहे. डाव्याबद्दल मागच्या पत्रात तू दीड पान लिहिलं होतंस, ते माझं जवळजवळ पाठ झालं आहे. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद सांग. नातीला म्हणावं, तुझ्या आजीला शाळेत सगळ्या मेणबत्ती म्हणायच्या, कारण ती सरळ उभी राहायची आणि पटकन पेटायची. आणि मला दौत, कारण मी जिथे बसेन तिथे शाई सांडायची. इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे मी ठीक, जुळारीकाका ठीक, संगणकबाई ठीक. मालक तेवढे ठीक नाहीत, पण त्याबद्दल पुढे लिहीन. काही काम आहे म्हणून हे पत्र लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. सहज आठवण आली आणि बसले.

आठवण यायला कारण असं, की सध्या छापखान्यातल्या आपल्या वाचनखोलीत कोणीच काही खात नाही. गेल्या आठवड्यात माझं चैत्रातलं नवरात्र बसलं, त्यानंतर दोनच दिवसांनी काकांचे रोजे लागले, आणि तुमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ तर महिनाभर आधीपासून चालूच आहे. (या वर्षी तू काय सोडलंस? साखर तेवढी सोडू नकोस. दर वर्षी चहातली साखर तू सोडायचीस आणि चाळीस दिवस कडू तोंड आमचं व्हायचं.) काकांना दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, मला दुपारी एक फळ आणि पेलाभर दूध. राहता राहिली संगणकावर पानं लावणारी आपली संगणकबाई. तिचं कुठल्याच देवाकडे फारसं जाणंयेणं नाही, कोणी विचारलं तर ती सांगते, "मी झोपेच्या धर्माची." पण आम्ही दोघं उपाशी बसलेले असताना डबा कसा उघडायचा, म्हणून ती कागदाच्या कोठीत जाऊन रिमांच्या मागे उभ्याने जेवायची. परवा काकांनी तिला तिथे पकडलं. बिचारीच्या तोंडात घास, धड बोलता येईना. काका म्हणाले, "बाई, उपास माझा आणि शिक्षा तुम्हाला, हे कुठून आलं?" आणि डबा स्वतः उचलून आणून टेबलावर ठेवला. मग ती टेबलाशी जेवली, पण भिंतीकडे तोंड करून. तिला संकोच नको म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं आणि काकांनी कपाटाकडे. तेवढ्यात मालक आत आले. तीन पाठी एकमेकींकडे वळलेल्या पाहून त्यांनी दारातूनच विचारलं, "भांडण झालंय का?"

मला आपली शाळा आठवली. शिवणाच्या वर्गातल्या त्या बुटक्या सिस्टर आठवतात ना, ज्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असायची? उपवासकाळ लागला की त्या तुम्हा मुलींना एकेक वस्तू सोडायला सांगायच्या. तू आणि पहिल्या बाकावरच्या चौघी हात वर करून आपापली वस्तू सांगायच्यात, आणि आम्ही उरलेल्या नुसत्या बघत बसायचो. मला ते फार लागायचं. तुमच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी आहे आणि आमच्याकडे नाही, असं वाटायचं. एका वर्षी धीर करून मी सिस्टरना विचारलं, की माझे देव वेगळे आहेत, तर मी काही सोडलेलं चालेल का? त्यांनी सुईत दोरा ओवून पुरा केला, गाठ मारली, आणि मग म्हणाल्या, "मुली, सोडायला धर्म लागत नाही, वस्तू लागते." मी शिवणाच्या तासाला बोलणं सोडलं. तेरा मिनिटं पाळलं. तू घड्याळ लावून बसली होतीस, म्हणून आकडा नक्की आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. (काम नाही, गोष्टच आहे.) तू गेल्यापासून वाचनखोलीत तशी काही उलथापालथ झालेली नाही. तेच लांब टेबल, त्याच तीन खुर्च्या, उत्तरेच्या खिडकीतून येणारा तोच उजेड. भिंतीवर थोरल्या मालकांचा पुठ्ठाही तसाच आहे, त्यांच्या हातच्या जाड अक्षरांतला: "ज्याची ओळ, त्यानेच काट मारावी." आपण दोघी शाळेतून थेट इथे लागलो, त्याच्या आदल्याच वर्षी म्हणे कुणा उत्साही प्रूफवाचकाने दुसऱ्या धर्माचा एक मोठा सण 'दोनदा आला आहे' असं समजून कापला होता, आणि आठवडाभर कचेरीच्या पायऱ्यांवर माणसं बसून होती. तेव्हापासून थोरल्या मालकांनी शिस्त घातली. दिनदर्शिकेच्या प्रत्येक पानाची तीन प्रुफं निघणार. एक तुला, एक मला, एक काकांना. तुझी पेन्सिल तपकिरी, माझी निळी, त्यांची लाल. प्रत्येकाने फक्त आपल्या धर्माच्या ओळी वाचायच्या, आणि तेही खाचेच्या पुठ्ठ्यातून: पानावर पुठ्ठा ठेवायचा, खाचेतून आपली ओळ तेवढी दिसणार, बाकीचं झाकलेलं. दुसऱ्याच्या देवाधर्मावर पेन्सिल तर नाहीच, नजरसुद्धा चुकून पडायला नको. तू लेकीकडे राहायला गेलीस तरी मालकांनी तुझं प्रूफ टपालाने पाठवायचं चालू ठेवलं, कारण तो रकाना दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला त्यांना धीर होईना. आणि तिन्ही रंगांच्या दुरुस्त्या संगणकबाईने एकत्र करून पानावर घ्यायच्या. का, कशाला, असं विचारायचं नाही. वाचकाची खूण म्हणजे हुकूम.

प्रत्येक महिन्याच्या तळाशी असते ती वेलबुट्टीची चौकट तुला आठवत असेलच. वर मथळा, "या महिन्यातील पवित्र काळ", आणि खाली दोन ओळी. दोनच का, तर थोरल्या मालकांनी ती पितळेत ओतून घेतली होती आणि तिच्या पोटात दोनच ओळींच्या अक्षरांचे शिशाचे खिळे बसायचे. एरवी तेवढ्यात भागतं. पण काकांचा रोज्यांचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो, आणि तेहेतीसएक वर्षांनी जिथून निघाला तिथे परत येतो. म्हणजे तेहेतीसएक वर्षांनी एकदा असा महिना येतो, की त्या चौकटीत तीन ओळी हव्या असतात.

मागच्या खेपेला आपण तिघं केवढे होतो ते बघ. तुझं लग्न ठरायचं होतं, माझं मोडायचं होतं, आणि काका (तेव्हाही आपण त्यांना काकाच म्हणायचो, बिचारे चारच वर्षांनी मोठे) दिवसभर उभे राहून एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवायचे. तीन ओळी चौकटीत बसेनात. थोरले मालक म्हणाले, "एक गाळा." आणि कोणती, ते काही सांगेनात. तेव्हा काकांनी सगळ्यात बारीक खिळे काढले, ओळींच्या मधल्या शिशाच्या पट्ट्या कानशीने घासून पातळ केल्या, आणि पुन्हा पुन्हा बसवून पाहिलं. आपण दोघी समोरच्या बाकावर बसून राहिलो. तुझाही उपास, माझाही, आणि त्यांचा तर होताच. शेवटी सूर्य मावळायच्या सुमारास तिसरी ओळ आत गेली. बाकावर दोघं बसलेले असताना तिसऱ्याने 'जरा सरका' म्हणून अंग चोरून बसावं, तशा त्या तीन ओळी दिसत होत्या. काकांनी शाईचे हात धुतले, पाण्याचा पेला भरला, आणि स्वतः प्यायच्या आधी आपल्यापुढे सरकवला. तू म्हणालीस, "आधी तुम्ही." ते म्हणाले, "आधी तुम्ही." मी मधल्यामध्ये तो पेला उचलला आणि पिऊन टाकला, कारण मला खरंच तहान लागली होती. तू त्यावर आठ दिवस बोलली नव्हतीस. मला मात्र वाटतं, त्या संध्याकाळइतकी मी पुन्हा कधी कुठे जागेवर नव्हते.

तर या वर्षी तो महिना परत आला. प्रुफं निघाली, तिघांना गेली, खुणा होऊन परत आली. संगणकबाईने हुकूम बजावले. शेवटची प्रत पुन्हा तिघांकडे फिरली, तिघांनी खाचेचा पुठ्ठा आपापल्या ओळीवर ठेवला, आणि तिघांनी 'बरोबर' अशी खूण केली. छपाई झाली, बांधणी झाली, शहरभर दिनदर्शिका भिंतींवर गेल्या. दोन महिने सगळे सुखात होते. या महिन्याच्या एक तारखेला शहराने पान उलटलं. वेलबुट्टी जागच्या जागी, मथळा जागच्या जागी, "या महिन्यातील पवित्र काळ", आणि त्याच्या खाली पांढराशुभ्र कागद.

लोकांना ते लगेच कळलं नाही. निम्म्या लोकांना वाटलं, लिहायला जागा सोडली आहे. आपल्या गल्लीतल्या न्हाव्याने तिथे लिहिलं, "सासूबाई मुक्कामाला." दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, "दवाखाना बंद." पण हळूहळू फोन सुरू झाले. आपल्या शाळेच्या आताच्या मुख्य सिस्टरनी फार मृदू आवाजात विचारलं, की उपवासकाळ रद्द झाल्याचं तुम्हाला नेमकं कुठून कळलं. काकांच्या मशिदीतले वडीलधारे म्हणाले, "चंद्र आमचा आम्ही बघून घेऊ, पण तुमच्या जुळाऱ्याची तब्येत बरी आहे ना?" देवळातल्या पुजारीबुवांनी मोकळी चौकट अशुभ दिसते म्हणून तिच्यावर एक टपाल तिकीट चिकटवलं आणि पान आम्हाला दाखवायला घेऊन आले. आणि एका गृहस्थांनी पत्र लिहून कळवलं, की ते देव मानत नाहीत, तरी वीस वर्षं नेमाने ही दिनदर्शिका घेतात, आणि तिच्याशी पूर्ण सहमत व्हावं असा हा पहिलाच महिना. ते पत्र मालकांच्या हाती लागू नये म्हणून मी माझ्या खणात ठेवलं आहे.

मालकांनी तीन आठवडे दम काढला. (तू थोरल्या मालकांच्या या लेकाला इवलासा पाहिला आहेस, खिळ्यांच्या खान्यात हात घालून बसायचा. अजूनही मला मावशीच म्हणतो. मीच हल्ली त्याला अहोजाहो करते, कारण त्याला चष्मा लागला.) पण ज्या शाळा आणि दवाखाने दर वर्षी गठ्ठ्याने दिनदर्शिका घेतात, त्यांचे निरोप यायला लागले, तेव्हा गेल्या सोमवारी सकाळी ते वाचनखोलीत आले. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "मला शनिवारपर्यंत एवढंच सांगा, हे कोणाच्या हातून झालं. एका माणसाची चूक असेल, तर तो माणूस घरी बसेल आणि खोली राहील. पद्धतीचीच चूक असेल, तर खोली जाईल. पुढल्या वर्षापासून पानं बाहेरून तयार होऊन येतील, आणि इथे आपण कागद ठेवू." आणि जाताना भिंतीवरच्या वडिलांच्या पुठ्ठ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मला वाटलं आताच काढून नेतात.

कागद ठेवतील, मेणबत्ती. आपल्या टेबलावर रिमं रचतील. मी ते डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि मला फळही गेलं नाही. मी घरी बसू शकते गं, घर आहे मला. काकाही बसतील, नातवंडं आहेत. पण दुसऱ्याच्या ओळीवर हात पडू नये म्हणून श्वास धरून वाचणारी एक खोली या शहरात आहे, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत कोठी होणार, हे मला बघवणार नाही.

सोमवारी दुपारी मी जुन्या प्रुफांचा गठ्ठा काढला. तुझंही प्रूफ त्यात होतं, टपालाच्या घड्यांसकट. चौकटीत तीन ओळी, जेमतेम शिरलेल्या, शेवटच्या ओळीचे पाय वेलबुट्टीत अडकलेले. संगणकबाईने समासात विचारलं होतं, "दोनच बसतात, काय करू?" आणि मग आपण तिघांनी काय करून ठेवलं ते मी एकेक करून पाहिलं. लाल पेन्सिलीने काकांनी स्वतःची ओळ कापली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "आमचं चंद्र बघून ठरतं, ओळ नसली तरी चालेल." निळ्या पेन्सिलीने मी माझी ओळ कापली होती, माझं अक्षर मला ओळखू येतं, नाकारता आलं नसतं: "नवरात्र पुन्हा येतं, यंदा हे गाळा." आणि तपकिरी पेन्सिलीने तू तुझी: "आमचे चाळीस दिवस आहेत. एवढ्यात कोणाला ना कोणाला आठवेलच." पुढे शेवटच्या प्रतीवर तिघांनी खाचेतून पाहिलं, तिघांना आपापली ओळ गेलेली दिसली, आणि तिघांना वाटलं, बरं झालं, बाकीचे दोघं आत नीट बसले.

काकांना मी ते तिन्ही कागद दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि तुझाच कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "दौतबाई, मला वाटलं होतं तुम्हाला दोघींना पुन्हा दिवसभर उपाशी बसवायला नको." मी म्हटलं, "आणि मला वाटलं होतं तुम्हाला पुन्हा शिसं घासत बसायला नको." तुला काय वाटलं होतं, ते तू कळव.

एवढ्यात आमच्या मागे उभी असलेली संगणकबाई हळूच म्हणाली, "ताई, शिसं कुठलं? चौकट मोठी करता येते की."

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. तिने पडद्यावर ते पान आणलं, वेलबुट्टीचा खालचा काठ धरला आणि एका बोटाने खाली ओढला. चौकट मोठी झाली. तीन ओळींची झाली, मग चार, मग दहा. थोरल्या मालकांची पितळी वेलबुट्टी निमूटपणे ताणत गेली. काकांनी टेबलाला हात टेकले. मी म्हटलं, "मग बाई, हे तेव्हाच का नाही केलंस?" ती म्हणाली, "मला कोणी मोठी करायला सांगितलंच नाही. तिघांनी गाळा म्हणून सांगितलं, मी गाळलं. मला वाटलं, तुमच्यात तसंच ठरलं असेल." पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि मी तुमच्या देवाधर्माच्या मध्ये कशाला बोलू?" म्हणजे तीही आमच्यातलीच झाली म्हणायची. सहा वर्षं या खोलीत बसल्यावर दुसरं काय होणार.

असो. तर इकडची हकिकत ही अशी. तुला उगाच घोर लागू नये म्हणून मी हे लिहिणारच नव्हते, पण लिहिता लिहिता आलं. तू काळजी करू नकोस, उन्हाची बाहेर पडू नकोस, गुडघ्याला तेल लावत जा, आणि लेकीच्या संसारात पाहुण्यासारखी कोपऱ्यात न बसता थोडं हक्काने वाग. कळावे, लोभ आहेच, तो कुठे जातो.

तुझी,
दौत

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. शनिवारी मालक तुला फोन करतील. त्यांनी चौकटीबद्दल विचारलं, तर म्हण, "माझ्या एकटीच्याच हातून झालं." एवढंच वाक्य, पुढे-मागे काही नको. नीट विचार करून बघ. त्यांना एक माणूस हवा आहे, जो घरी बसेल. आणि तू आधीच घरी बसली आहेस. कोणाचं काही जात नाही आणि खोली राहते. शिवाय तुमच्याकडे कबुलीची सोय आहे, तुला सराव आहे. आमच्याकडे हे सगळं मनातल्या मनात करावं लागतं. आणि तसंही तू माझं एक देणं लागतेस. आठवतं, शाळेच्या प्रार्थनाघरात कबुलीच्या रांगेत मी हौसेने तुझ्या मागे उभी राहिले होते, आणि मला ऐन वेळी एकही पाप आठवेना, तेव्हा तू मला तुझी दोन दिलीस? जाळीपलीकडून फादर म्हणाले होते, "ही तर आधीच्या मुलीची आहेत, ती तीच परत कशी आली?" तू बाहेर पडद्याआड हसत होतीस आणि मी घामाने भिजले होते. त्या वेळी तुझी दोन मी घेतली. आता माझं एक तू घे.

ता. क. दुसरा. खोटं लिहून पत्र पाठवलं, तर नवरात्राचा उपास फुकट जाईल, म्हणून सांगून टाकते. मालकांना मी बुधवारीच सांगून आले आहे, की हे तुझ्या हातून झालं. तेव्हा शनिवारी तू 'नाही' म्हणालीस तर माझी पंचाईत आहे. मी म्हटलं, "ती बिचारी आता लांब राहते, प्रूफ टपालाने जातं, नजर पूर्वीसारखी राहिली नाही." तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मला माहीत आहे. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं "बरं" म्हणाले.

ता. क. तिसरा. शनिवार, दुपार. पत्र अजून माझ्या पिशवीतच आहे, कारण टाकायचा धीर झाला नाही, आणि आता टाकण्यासारखं वेगळंच काही झालं आहे. मालक सकाळी वाचनखोलीत आले, दार लोटलं आणि तुझ्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी काका येऊन सांगून गेले, चूक माझ्या एकट्याची. मंगळवारी संगणकबाई आल्या, म्हणाल्या चूक माझी एकटीची, घरी मी बसते. बुधवारी मावशी आल्या, म्हणाल्या चूक मेणबत्ती मावशींची." इथे काकांनी माझ्याकडे पाहिलं. मेणबत्ती, मी साठी ओलांडली आहे, आणि मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. त्या दोघांनी आपली मान पुढे केली होती आणि मी केली होती तुझी.

मालक म्हणाले, "आणि एक तारखेला सकाळी, अजून मी स्वतः पान उलटलंही नव्हतं, तेव्हा मेणबत्ती मावशींचा फोन आला होता. लेकीच्या भिंतीवर पाहिलं म्हणाल्या. चूक माझी एकटीची आहे, त्या खोलीतल्या कोणाला काही बोलू नकोस."

हे तू मला कळवलं नाहीस. डाव्या गुडघ्यावर दीड पान लिहिलंस आणि यावर एक ओळ नाही. मी रागावले आहे, पण ते नंतर.

संगणकबाईला हसू आलं आणि ते दाबताना तिला ठसका लागला. मालक चष्मा हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "एका माणसाची असेल तर काय करायचं, ते मी ठरवलं होतं. पद्धतीची असेल तर काय, तेही. पण चार माणसं भांडून भांडून एकच चूक मागायला लागली तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नव्हतं." मग उठले, पडद्यापाशी जाऊन संगणकबाईला म्हणाले, "ओढा ती चौकट खाली." तिने ओढली. खोली राहिली, मेणबत्ती. पुठ्ठाही राहिला. पण खाचेचे पुठ्ठे त्यांनी तिघांचेही गोळा करून नेले, तुझा खणातला जुनासुद्धा. म्हणाले, पुढलं प्रूफ टपालाने जाणार नाही. एकच प्रत निघेल, आणि सगळ्यांनी एका टेबलाशी बसून, सगळ्यांच्या ओळी वाचायच्या.

दारात थांबून एवढंच म्हणाले, "मला रागवायचं आहे, आणि मी रागावणार आहे. पण चौघं एकदम समोर बसाल तेव्हा. एकेकाला रागावलं की बाकीचे लगेच आपल्या अंगावर घेतात, माझा राग वाया जातो."

तेव्हा खरं काम हे आहे. पुढल्या वर्षाचं पहिलं प्रूफ दोन महिन्यांनी निघतं, त्याआधी ये. लेकीला सांग, पंधरा दिवसांसाठी. माझ्याकडे खालच्या मजल्यावरची खोली आहे, गुडघ्याला जिना नाही. आम्ही तिघं रागावून घ्यायला तुझ्यासाठी थांबलो आहोत, आणि मला तर शाळेपासून आजवर एकटीला कधी कोणी रागावलेलं नाही.